शेऱ्याचा रकाना

शनिवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी रत्नाच्या पडद्यावर मंचरहून नोंद आली. गाडी परत पोचली, डबा धुऊन झाला, संध्याकाळच्या मालासाठी पाचपर्यंत येते. त्याखाली शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ होती: 'सोमवारी ऑपरेशन. पोटात गाठ. आठ दिवस टेबलाला दुसरं माणूस.'

रत्ना द्राक्षांच्या पेट्यांवर चिकटवायच्या पट्ट्या छापत होती. तिचा हात थांबला, छपाईयंत्र थांबलं नाही. पट्टी टेबलावरून खाली उतरली आणि फरशीवर साचू लागली.

"वैनी, टेबलाला साडी नेसवताय का?" दारातून धोंडाबाई म्हणाली. ती घडांमधले खराब मणी कात्रीनं काढणाऱ्या बायांची मुकादम होती. उन्हाळा तोंडावर आला तरी तिच्या अंगात स्वेटर असायचा, कारण तिचा अर्धा दिवस थंड खोलीच्या दारात जायचा. "निऱ्या तरी धरा."

रत्नानं बटण दाबलं. यंत्र थांबलं.

"काय झालं वो?"

"काय न्हाई. गाडी पाचला येतीया."

"गाडी रोजच येतीया," धोंडाबाई म्हणाली, आणि काही न विचारता पट्टी गुंडाळून टेबलावर ठेवून गेली.

रत्नानं ती ओळ पुन्हा वाचली. मग शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं: 'सोमवारी दवाखान्यात इकडून माणूस येईल.' आणि पाठवून दिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'मग भीती नाही.'

तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

नारायणगावच्या बाहेर, हायवेच्या अंगाला हे कोल्ड स्टोरेज दादाभाऊंचं, म्हणजे रत्नाच्या नवऱ्याचं. माल नेणाऱ्या थंड डब्याच्या गाड्या सावळारामच्या, म्हणजे तिच्या धाकट्या दिराच्या. त्याचं ऑफिस मंचरला. तीन वर्षांपूर्वी दोन्ही एकच होतं. मग एका हंगामात गाडी उशिरा निघाली, वाटेत डबा बंद पडला, सगळा माल पाणी झाला आणि दादाभाऊंनी हमालांच्या देखत सावळारामला कॉलर धरून गाडीच्या केबिनमधून खाली उतरवलं. सावळाराम काही बोलला नाही. तो नंतरही बोलला नाही. महिन्याभरात तो गाड्या, बायको आणि मुलगी घेऊन मंचरला गेला.

अबोल्याचे नियम त्या घरात कुणी घालून दिलेले नव्हते, तरी सगळ्यांना पाठ होते. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं भिंतीला सांगायचं, मांजराला सांगायचं, पोराला सांगायचं. रत्नाचे सासू-सासरे एक अख्खा पावसाळा गोठ्यातल्या म्हशीमार्फत बोलले होते. म्हैस दोघांचंही ऐकून घ्यायची, असं दादाभाऊ पूर्वी हसत सांगायचे. आता मंचर आणि नारायणगाव यांच्यामध्ये म्हैसही नव्हती.

मग गेल्या वर्षी बंगळूरच्या खरेदीदार कंपनीनं अट घातली. माल थंड खोलीतून निघाल्यापासून बंगळुरात उतरेपर्यंत त्याचं तापमान, गाडी, सील, सगळं एका धाग्यात दिसलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही भावांच्या संगणकांना एकमेकांशी बोलावं लागणार होतं. भावांना बोलावं लागणार नाही, एवढं कळल्यावर दोघांनीही होकार दिला.

हे जोडकाम जुन्नरच्या समरीननं केलं. कोल्ड स्टोरेजचे कंप्रेसर दुरुस्त करणाऱ्या महंमद हनीफ यांची ती मुलगी. पुण्यात शिकली आणि आता जुन्नरला घरी बसून लांबलांबच्या कंपन्यांची कामं करायची. या जोडणीला ती एपीआय म्हणायची. रत्नानं अर्थ विचारला तेव्हा ती म्हणाली होती, "काकू, पोस्टातली खिडकी असते ना, तसं. आत कुणी शिरायचं नाही. खिडकीतून जेवढं मागितलं तेवढंच द्यायचं, आणि ज्याच्याकडं चावी आहे त्याचंच घ्यायचं."

खिडकीतून पेट्यांचा आकडा जायचा, तापमान जायचं, गाडीचा नंबर जायचा. सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना होता. भरला तर भरला, नाही तर नाही.

पहिला शेरा रत्नानं लिहिला होता तो अगदी कामाचा होता. 'डब्याच्या दाराचं रबर सैल. दोरी बांधून दिली.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'दोरी चांगली बांधली होती.' एवढंच. पण रत्ना त्या दिवशी घरी जाताना भाजी घ्यायला विसरली. वेगळं झाल्यापासून त्या बाजूनं आलेला तो पहिला चांगला शब्द होता, आणि तो कुणाचा हे तिला सांगावं लागलं नाही. पूर्वी टेबलाशी तिच्याशेजारी तेजस्विनी बसायची, सावळारामची बायको. मंचरला टेबल म्हणजे तेजस्विनीच असणार.

पंधरा वर्षं दोघी एका स्वयंपाकघरात होत्या. त्या कधी भांडल्या नव्हत्या. फक्त निघायच्या दिवशी तेजस्विनी पिकअपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली आणि तिनं रत्नाकडं पाहिलं. रत्नानं नवऱ्याकडं पाहिलं. तेवढ्यात तेजस्विनी गाडीत बसली. त्यानंतर कुणी कुणाला फोन केला नाही. रत्नाच्या फोनमध्ये 'तेजू' हे नाव अजून होतं. फोन बदलला तेव्हा तिनं ते सगळ्यात आधी नव्या फोनमध्ये घातलं होतं.

फोन करणं म्हणजे आपण आधी बोलणं. शेरा म्हणजे काम. कामाचं बोलणं अबोल्यात मोजत नाहीत.

तर शेरे सुरू झाले. त्यांत लिहिणाऱ्याचं नाव नसायचं, तू नसायचं, प्रश्न नसायचा. 'उद्या गाडी उशिरा. घरात सगळ्यांना ताप.' त्यावर रत्नाचं: 'गवती चहाचा काढा. गूळ जास्त.' मग: 'ताप उतरला. काढा कडू झाला होता.' श्रावणात आलं: 'समृद्धीला पुण्यात होस्टेल मिळालं.' समृद्धी ही तेजस्विनीची मुलगी, पण तिचे केस अकरा वर्षं रत्नानं विंचरले होते. रत्नानं खूप विचार करून लिहिलं: 'तिला उशी उंच लागते.' दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी टोमॅटोच्या गाडीसोबत आलं: 'उशी दिली.'

गेल्या महिन्यात तिनं धीर करून लोणच्याची बरणी पाठवली आणि शेरा टाकला: 'ड्रायव्हरच्या पायाशी बरणी. आंब्याचं.' चार दिवसांनी बरणी परत आली ती आंबेमोहर तांदळानं भरून. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे तेजस्विनीला तिनंच शिकवलं होतं. त्या तांदळाचा भात रत्नानं एकदाच केला. दादाभाऊ म्हणाले, "वास भारी हाय. कुठनं आणला?" रत्ना म्हणाली, "बाजारातनं."

तीनच्या सुमारास समरीन आली. स्कूटर सावलीत लावून, ओढणी झटकत ती थेट आत येऊन थंड खोलीच्या दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"हाय, जन्नत," ती म्हणाली. "काकू, मला इथंच नोकरीला ठेवा. द्राक्षांत बसते."

"धोंडाबाईच्या हाताखाली टिकशील का?"

"नाही बाबा. त्यापेक्षा कोड बरा." ती खुर्ची ओढून बसली, लॅपटॉप उघडला आणि हसू आवरत म्हणाली, "तुमच्या लोणच्यानं घात केला."

"म्हंजी?"

"तुमचा शेरा मंचरला जातो, पण तिथंच थांबत नाही. पुढं बंगळूरलाही जातो. त्यांच्या तपासणीत आलं की गाडीत एक वस्तू होती जी मालाच्या यादीत नाही. आंब्याचं काहीतरी. दोन मीटिंगा झाल्या त्यावर. मला विचारतात, हे आंब्याचं म्हणजे रसायन आहे का?"

रत्नाला हसू आलं, मग ते अर्ध्यावर थांबलं. "मग शेरा बंद करायचा?"

"शेरा राहणार. पण त्यांचा मुद्दा वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर बरोबर आहे. आजवर मी दोन्हीकडं एकेकच चावी दिली होती. इकडून जे येईल ते नारायणगावचं, तिकडून येईल ते मंचरचं. टेबलावर कोण बसलंय, कोण लिहितंय, काही पत्ता नाही. उद्या कुणी बाहेरच्यानं बसून गाडी भलतीकडं पाठवली तर? म्हणून आता माणसागणिक चावी. मोबाइलवर नंबर येणार, तो टाकायचा, मगच लिहिता येणार. आणि प्रत्येक नोंदीसोबत लिहिणाऱ्याचं नाव जाणार. जुनी चावी आज पाचला बंद."

"नाव जानार," रत्ना म्हणाली.

"हो. तुमचं एक घालते. अजून कुणाचं?"

रत्ना पडद्याकडं पाहत होती. नावासकट गेलं की ते कामाचं बोलणं राहत नाही. ते रत्नानं तेजस्विनीला केलेलं बोलणं होतं. आधी तिला ते अवघड वाटलं. मग वाटलं, होऊ दे. परवा तर आपण जाणारच आहोत दवाखान्यात, समोर उभ्या राहणारच आहोत.

"तिकडं कुणाकुणाची नावं घातली?" तिनं विचारलं.

"मंचरचं कालच केलं. दोन आहेत." समरीननं पान उघडलं. "सावळाराम भाऊ, आणि हा सार्थक, नवीन मुलगा, आठ दिवसांपुरता."

"तेजूचं?"

"कोण तेजू?"

"तेजस्विनी. टेबलावर ती असती ना."

"त्या?" समरीननं मान वर केली. "त्या कुठं असतात ऑफिसला. त्या शिनोलीला मुलींच्या वसतिगृहावर कामाला जातात. मी जोडून दिलं तेव्हापासून टेबलावर भाऊच आहेत. दोन बोटांनी टाइप करतात, पण करतात."

थंड खोलीचा पंखा सुरू झाला, थांबला.

"शेरे पन तेच लिहितात?"

"तेच. वाचतातही तेच, मोठ्यानं. काल मी तिथं असताना तुमच्याकडून काहीतरी आलं, पेट्या ओल्या आहेत वगैरे. मला म्हणाले, ऐक समरीन, आमचा दादा काय लिहितो बघ." तिचा आवाज शेवटच्या दोन शब्दांवर मंदावला. तिनं रत्नाकडं पाहिलं, मग टेबलामागच्या खुर्चीकडं, जिच्यावर जोडकाम सुरू झाल्यापासून रत्नाशिवाय कुणी बसलेलं तिनं पाहिलं नव्हतं. "काकू. दादा काका कधी लिहीतच नाहीत ना?"

रत्ना उठली. पट्टीची गुंडाळी उचलून तिनं कपाटात ठेवली, कपाट लावलं, पुन्हा उघडलं.

"मग बरनीत तांदूळ कुनी भरलं?" ती म्हणाली.

"ते मला कसं माहीत असणार?"

"न्हाई, तुला न्हाई इचारलं."

ती परत बसली. दोरी, काढा, उशी. एकेक ओळ तिला तेजस्विनीच्या आवाजात पाठ होती. आता त्याच ओळींत तो आवाज बसेना. तेजस्विनीनं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. कदाचित तिला हे काही ठाऊकही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ती पिकअपच्या पायरीवर जशी उभी होती, अजून तशीच होती.

"ऑपरेशन कुनाचं?" तिनं विचारलं, जरी उत्तर आता तिला कळलं होतं.

"भाऊंचंच. तुम्हाला माहीत नाही?" समरीन हळू आवाजात बोलू लागली. "पुण्याला, नाशिक फाट्याच्या पुढं मोठं हॉस्पिटल आहे तिथं. गाठ कसली आहे ते उघडल्यावरच कळणार. काल लई उतरलेले होते. पण मघाशी येताना फोन केला तर एकदम वेगळेच. म्हणाले, दादा येतोय सोमवारी. आत्ताच कळवलंय त्यानं."

रत्नानं कीबोर्ड पुढं ओढला. 'येणारं माणूस' एवढं लिहिलं. पुसलं. 'सोमवारी येणार आहे ते' लिहिलं. पुसलं.

"पाचपर्यंत जुनी चावी चालू आहे," समरीन म्हणाली. "काही दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच होईल. पाचनंतर नावासकट."

"आन काय दुरुस्त करू? गाठीच्या मानसाला सांगू, तुझा भाऊ न्हाई येत म्हनून?"



थंड खोलीचं जाड दार उघडलं आणि धुक्यासारख्या गार हवेतून दादाभाऊ बाहेर आले. अंगात फुगीर जर्किन, डोक्याला मफलर, कपाळावर चष्मा.

"चार नंबरला एक डिग्री जास्ती दावतंय," ते म्हणाले. "समरीन, तुझ्या बापाला म्हनावं, कंप्रेसरला नुस्तं प्रेमानं बघून चालत नाय, पाना बी लावावा लागतो."

"सांगते काका. ते म्हणतील, मालकांनी आमच्याकडं बिर्याणी खाऊन वर्ष झालं, आधी तो पाना लावा."

"बघ, लगेच बापाची बाजू." ते हसले आणि मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"मी फोन करून येते," समरीन म्हणाली आणि लॅपटॉप तसाच ठेवून बाहेर गेली.

रत्नानं सगळं सांगितलं. ती पडद्याकडं बघत बोलत होती. सांगायला फार वेळ लागला नाही. बोलून दाखवल्यावर ते अगदी थोडं होतं. दादाभाऊ उभेच होते. गाठीचं आलं तेव्हा त्यांनी मफलर काढून हातात घेतला.

"कधीपासनं चाललंय हे?"

"पावसाळ्यापासनं."

"आन मला एका शबुदानं न्हाई."

"काय सांगायचं? माझ्या जावंशी बोलते म्हनून? मला तेवढंच वाटत व्हतं."

"माझ्या नावानं काय काय लिवलं?"

"तुमचं नाव कुठं व्हतं? कुनाचंच नव्हतं."

"पन मी येतो म्हनून सांगितलंस."

"माणूस येईल म्हनलं. मी माझ्या मनात मला धरलं व्हतं."

"आन त्यानं मला धरलं." दादाभाऊ खुर्चीवर बसले. कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "दाव."

रत्नानं जुने शेरे काढून दिले. ते बोट लावून वाचू लागले. दोरीपाशी थांबले नाहीत. तापापाशी क्षणभर थांबले. मग बोट उशीच्या ओळीवर आलं आणि तिथंच राहिलं.

"'तिला उशी उंच लागते,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे मला ठाव हाय का?"

"न्हाई."

"पोरगी कुठल्या कुशीवर झोपती ते मला ठाव नाय, हे सावळ्याला ठाव नाय व्हय? एका गोधडीत वाढलो आमी. मी काय बोलंल आन काय नाय, तेला झोपेत कळतं." त्यांनी चष्मा काढला. "तेला पहिल्या दिवशी कळलं आसनार."

"मग तुमचं नाव का घेतात? समरीनला म्हनाले, आमचा दादा लिहितो."

दादाभाऊंनी जर्किनची साखळी वर ओढली, खाली ओढली. बाहेर धोंडाबाई कुणाला तरी ओरडत होती, कात्री घड कापायला नाही, मणी काढायला दिलीय.

"बोला की काहीतरी," रत्ना म्हणाली. "मी दुपारीच सांगून बसले. तिकडनं आलं, मग भीती नाही. त्यांना कळलेलं असू दे का नसू दे, सोमवारी ते दाराकडं बघनार का न्हाई?"

"मी तेला समद्यांसमोर खाली उतरवला व्हता," दादाभाऊ म्हणाले. "हमाल हसले व्हते. मी काय तोंड घिऊन जाऊ?"

ते उठले आणि थंड खोलीत गेले. चार नंबरला आता बरोबर डिग्री दाखवत होती, हे रत्नाला समोरच्या पडद्यावर दिसत होतं. तरी ते पाऊण तास आत होते.

समरीननं काम पुरं केलं. रत्नाच्या मोबाइलवर नंबर आला, तिनं तो वाचून दाखवला. "अजून कुणाचं घालू?" असं समरीननं दादाभाऊंना बाहेर आल्यावर विचारलं, तेव्हा ते "हिचंच ऱ्हाऊ दे" म्हणाले आणि पेट्या मोजायला निघून गेले.

पाचला गाडी आली. जुनी चावी बंद झाली होती. माल चढला, सील लागलं, तापमान गेलं. नोंदीच्या कडेला पहिल्यांदाच 'रत्ना' असं उमटलं. शेऱ्याच्या रकान्यात रेघ लुकलुकत राहिली आणि तिनं तो तसाच रिकामा पाठवला. गाडी हायवेला लागेपर्यंत ती दारात उभी होती. ड्रायव्हरनं नेहमीसारखा हात केला.

रविवारी दादाभाऊ त्या विषयावर काही बोलले नाहीत. जेवले, दुपारी झोपले नाहीत, संध्याकाळी ओट्यावर बसून चपलेचा तुटलेला अंगठा स्वतः शिवत बसले, जरी घरात दुसरी जोडी होती. रत्नानं दोनदा विचारायचं ठरवलं. दोन्ही वेळा तिला वाटलं, विचारलं तर ते नाही म्हणतील आणि म्हटलेलं मागं घ्यायची त्या घराण्यात पद्धत नाही. तिनं आपली एक साडी आणि डबा पिशवीत भरून ठेवला. ते नाही गेले तर ती पहिल्या एसटीनं निघणार होती.

सोमवारी ती उठली तेव्हा अंगणात दादाभाऊंची पिकअप नव्हती.

पहिली एसटी तिनं जाऊ दिली. ती सकाळी कोल्ड स्टोरेजला आली, तर धोंडाबाई बायांना कात्र्या वाटत होती.

"मालक कुनाच्या लग्नाला गेलं वो?" तिनं विचारलं. "मी पाटं रस्त्याला हुभी व्हते, तर पांढरा शर्ट घालून गाडी पळवत चाललेलं. पुन्याच्या अंगाला. हाक मारली तर बघितलं बी न्हाई."

"पुन्याच्याच अंगाला?"

"मला काय दिशा कळत न्हाई व्हय?"

रत्ना टेबलाशी बसली. दादाभाऊंना फोन केला तर तो वाजत राहिला. साडेनवाला मंचरहून नोंद आली. गाडी निघाली, डबा धुतला. कडेला नाव होतं 'सार्थक'. शेरा नव्हता.

दहा वाजून गेल्यावर दादाभाऊंचा फोन आला.

"हां," ते म्हणाले. मागं खूप माणसांचा, चाकांच्या खाटांचा, कुणाला तरी पुकारण्याचा आवाज होता.

"कुठं हाय तुमी?"

"हितंच. खाली."

"कवापासनं?"

"सातला आलो."

"सातला? आन वर न्हाई गेला?"

"कुठल्या मजल्यावर नेलाय ते ठाव नाय. आठ मजलं हायत हितं."

"खिडकीवर इचारा की. नाव सांगा."

"गेलतो." ते थांबले. "ती पोरगी म्हनली, पेशंटचे तुमी कोन? मागं लाइन व्हती. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे."

रत्नानं डोळे मिटले.

"आत नेला आसंल का अजून बाहेर आसंल, ते बी कळंना," दादाभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "तू तेजस्विनीला इचार ना. मी नाय इचारू शकत. तिनं फोन बघून उचललाच नाय तर?"

"आन माझा उचलंल?"

 मागं पुन्हा कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"बसा तिथंच," रत्ना म्हणाली. "हलू नका."

तिनं फोन ठेवला. समोर पडदा होता. शेऱ्याचा रकाना उघडा होता, आणि त्यातून सार्थक नावाच्या अनोळखी मुलाला विचारता आलं असतं, त्यानं कुणाला तरी विचारलं असतं, कुठला मजला ते तासाभरात कळलं असतं. रत्नानं पडदा बंद केला. मोबाइलमध्ये 'तेजू' काढलं. दारातल्या धोंडाबाईला हातानंच तिकडं जायला सांगितलं, आणि धोंडाबाई पहिल्यांदाच काही न बोलता गेली.

रिंग वाजू लागली. रत्ना खुर्चीवरून उठून उभी राहिली. पहिल्या खेपेला रिंग संपली. तिनं पुन्हा लावला.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन उचलला गेला. पलीकडून लिफ्टच्या दाराचा आवाज आला, पावलं आली, मग कुणाचा तरी श्वास. अजून दोघींपैकी कुणी बोललेलं नव्हतं.